आरोहण-स्पर्धेचा मार्गरचनाकार : काम आणि घर

टोकियो येथे २०२१ साली पार पडलेल्या ऑलिंपिक सामन्यांत क्रीडा-प्रस्तरारोहणाला प्रथमच स्थान मिळाले. ते दृश्य आपल्यापैकी अनेकांनी दूरचित्रवाणीवर पाहिले असेल. बाहेरच्या बाजूस झुकलेली उंच भिंत, तिच्यावर रंगीबेरंगी उंचवटे, आणि बोटांच्या टोकांनी ते धरून वर सरकणारा एखादा सडपातळ तरुण वा तरुणी. या दृश्यात एक माणूस मात्र दिसत नाही. तो प्रत्येक उंचवटा तेथेच का, चार बोटे वर का नाही, याचा निर्णय ज्याने घेतलेला असतो तो त्या वेळी प्रेक्षकांच्या एखाद्या कोपऱ्यात, बोटांना चिकटपट्टी गुंडाळलेली, श्वास रोखून उभा असतो. त्याला क्रीडाक्षेत्रात ‘रूट सेटर’ म्हणतात. आपण त्यास मार्गरचनाकार म्हणू.

प्रस्तुत लेखकाने सह्याद्रीच्या कातळावर गिर्यारोहणाचे प्राथमिक धडे घेतले व पुढे देशातील निरनिराळ्या शहरांत आरोहण-स्पर्धांसाठी मार्गरचनेचे काम केले. या व्यवसायाची माहिती आपल्याकडे फारशी कोणाला नाही. शाळांतील क्रीडाशिक्षकांनाही ती क्वचितच असते. काम कसे चालते ते सांगावे, आणि त्यापायी महिन्यांमागून महिने घराबाहेर राहणाऱ्या माणसाच्या संसाराचे काय होते तेही सांगावे, असा या लेखाचा दुहेरी हेतू आहे. यातील दुसरा भाग सहसा कोणी लिहीत नाही.

कड्यावरून भिंतीवर

कातळावर चढण्याच्या शर्यती सोव्हिएत संघात १९४० च्या दशकापासून होत असत. आधुनिक स्पर्धेचा प्रारंभ मात्र सामान्यतः १९८५ साली इटलीतील बार्दोनेकिया येथे झालेल्या स्पर्धेपासून मानला जातो. ती खऱ्याखुऱ्या कड्यावर झाली. स्पर्धेला योग्य असा मार्ग मिळावा म्हणून कातळाला टाके मारून काही पकडी घडविण्यात आल्या होत्या. निसर्गाने लाखो वर्षांत घडविलेला कडा काही दिवसांच्या सामन्यांसाठी छिन्नीने बदलणे अनेक आरोहकांना रुचले नाही, आणि ते योग्यच होते. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये ल्यों शहरालगतच्या व्हो-आं-व्हलँ येथे कृत्रिम भिंतीवर स्पर्धा झाली. १९८९ मध्ये विश्वचषक मालिका सुरू झाली आणि यथावकाश स्पर्धा कड्यावरून भिंतीवर आल्या. या खेळाचा स्वतंत्र आंतरराष्ट्रीय महासंघ २००७ साली स्थापन झाला.

भिंत आली तशी मार्ग रचणाऱ्याची गरज निर्माण झाली. कड्यावर खाच कोठे आहे हे निसर्ग ठरवितो. भिंतीवर ते कोणी तरी माणसाने ठरवावे लागते.

स्पर्धेचे प्रकार तीन. ‘स्पीड’ या प्रकारात पंधरा मीटर उंचीच्या भिंतीवर दोघे शेजारीशेजारी धावल्यासारखे चढतात. यातील मार्ग जगभर एकच असून तो फ्रान्सचे ख्यातनाम आरोहक जॅकी गोडॉफ यांनी आखलेला आहे. त्यामुळे येथे नवी रचना करावयाची नसते. केवळ ठरल्या जागी ठरलेले उंचवटे बसवावयाचे. दुसरा प्रकार ‘लीड’. यात दोर लावून, वाटेत तो अडकवीत, निदान बारा मीटर उंचीच्या भिंतीवर सहा मिनिटांत जमेल तितके वर जावयाचे. तिसरा ‘बोल्डरिंग’. याची भिंत साधारण चार-साडेचार मीटर उंच, दोर नाही, खाली जाड गाद्या. मार्ग आखूड परंतु कोडे घातल्यासारखा अवघड. या शेवटच्या दोन प्रकारांत प्रत्येक फेरीसाठी पूर्णपणे नवा मार्ग लागतो, आणि तो आधी कोणीही पाहिलेला नसावा लागतो.

भिंतीवरची कारागिरी

भिंत म्हणजे लोखंडी सांगाड्यावर ठोकलेले जाड प्लायवूडचे तक्ते. त्यांना ठरावीक अंतरावर भोके पाडून पाठीमागून टी-नट बसविलेले असतात. उंचवट्याला आमच्या मंडळींत ‘होल्ड’ म्हणतात. तो राळेचा किंवा पॉलियुरेथेनचा ओतीव तुकडा असतो व मधून बोल्ट घालून तो भिंतीला आवळतात. पोकळ लाकडी वा तंतुकाचेच्या मोठ्या त्रिकोणी पेट्यांना ‘व्हॉल्यूम’ म्हणतात. त्या लावल्या की सपाट भिंतीला कड्यासारखे कोपरे आणि पोटे येतात. मार्गरचनाकाराच्या कमरेला विजेरी पाना, खिशात बोल्टांची पिशवी, कानांत आवाज रोखणारे बोळे. शिडीवर, दोरावर किंवा यांत्रिक पाळण्यात तो दिवसाचे दहा-बारा तास काढतो. खांदे आणि मनगटे यांची तक्रार बहुतेकांना असते.

परंतु हे झाले हातांचे काम. खरे काम अंदाजाचे. अंतिम फेरीत मोजकेच आरोहक उतरतात आणि मार्गाने त्यांच्यात क्रम लावून द्यावयाचा असतो. सर्वच जण शिखरापर्यंत पोचले तर मार्ग फसला. सर्वच जण एकाच जागी पडले तरीही फसला. उत्तम मार्गावर एक एक आरोहक निरनिराळ्या उंचीवर थांबतो आणि सर्वश्रेष्ठ असेल तो शेवटच्या होल्डला हात लावतो किंवा त्याच्या अगदी जवळ पोचतो. शिक्षक वाचकांना हे लगेच उमगेल. प्रश्नपत्रिका काढण्याचेच हे काम आहे. फरक इतकाच की येथे परीक्षार्थी बहुधा परीक्षकाहून बलवान असतो. जो मार्ग आपणास स्वतःला सलग चढता येत नाही, त्याचे तुकडे तुकडे करून चढून पाहावयाचे आणि आपल्याहून सरस माणसाला तो कितपत अवघड जाईल याचे अनुमान बांधावयाचे. चार-पाच जणांचा चमू याच कारणासाठी असतो. त्यात एक उंच, एक ठेंगणा, एक ताकदीचा, एक चपळ असे मिश्रण असले म्हणजे अंदाज बरोबर येतात. चाचणी करता करता बोटांच्या टोकांची कातडी झिजून जाते. तिसऱ्या दिवशी चमूचा प्रमुख विचारतो, “कोणाची कातडी शिल्लक आहे?” हा विनोद नव्हे, पुढचा मार्ग कोण चाचपणार हे त्यावर ठरते.

सर्व सिद्ध झाले की प्रत्येक होल्डला क्रमांक देऊन नकाशा काढतात. लीड प्रकारात पंच त्याच क्रमांकांवरून गुण देतात. आरोहकांना तोवर वेगळ्या कक्षात, दूरध्वनीविना ठेवलेले असते. मार्ग पाहावयास मिळतो तो ठरवून दिलेली काही मिनिटे, तोही सर्वांना एकदमच. उपांत्य फेरी संपली की रात्रीत भिंत रिकामी करून अंतिम फेरीचे मार्ग चढवावयाचे. पहाट तेथेच होते.

चार बोटांचा प्रश्न

या कामातील जोखीम किती खरी आहे हे पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये १० ऑगस्ट २०२४ रोजी साऱ्या जगाने पाहिले. महिलांच्या बोल्डरिंग व लीड संयुक्त अंतिम फेरीत जपानची ऐ मोरी ही १५४ सेंटिमीटर उंचीची आरोहक होती. पहिल्या बोल्डरचा प्रारंभीचा होल्ड उडी मारून पकडावयाचा होता. तिने पुनःपुन्हा उड्या मारल्या, होल्ड हाती आला नाही, आणि त्या मार्गावर तिला शून्य गुण मिळाले. पुढे लीड प्रकारात तिने ९६.१ म्हणजे आठही जणींत सर्वाधिक गुण मिळविले. परंतु एकूण १३५.१ गुणांवर तिला चौथ्या स्थानी समाधान मानावे लागले. तिसऱ्या क्रमांकाच्या ऑस्ट्रियाच्या येसिका पिल्झचे गुण होते १४७.४. स्लोव्हेनियाच्या यान्या गार्नब्रेटने टोकियोप्रमाणेच येथेही सुवर्णपदक पटकावले.

यावर पुष्कळ वादंग माजले. एक पक्ष म्हणाला, ठेंगण्या व्यक्तीवर हा उघड अन्याय आहे. दुसरा म्हणाला, उंची हा खेळाचाच एक भाग आहे. चिंचोळ्या फटींत लहान बोटांना फायदा होतो तेव्हा उंच माणसे तक्रार करीत नाहीत. या दुसऱ्या म्हणण्यात तथ्य आहे. तरीही प्रस्तुत लेखकाचे मत असे की, ज्या हालचालीवाचून मार्गाला आरंभच होत नाही, ती हालचाल सर्वांच्या आटोक्यातील असावी. कठीण भाग वर ठेवावा. माणसाला निदान परीक्षेच्या दालनात तरी शिरू द्यावे. अर्थात हे निवांत बसून लिहिणे सोपे आहे. भिंतीपाशी रात्री दोन वाजता, डोळ्यांवर झापड असताना, तो होल्ड चार बोटे खाली घ्यावा की नाही हे ठरविणे वेगळे.

सुट्ट्यांचे गणित

येथवर वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की, हे काम घरी बसून होण्यासारखे नाही. भिंत जेथे, माणूस तेथे. स्पर्धा शनिवार-रविवारी असली तरी मार्गरचनाकारास पाच-सहा दिवस आधी पोचावे लागते. भारतीय गिर्यारोहण संस्थेने विभागीय व राष्ट्रीय पातळीवरील क्रीडा-आरोहण स्पर्धा अनेक वर्षे भरविल्या आहेत. आपल्या नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ साली बोल्डरिंगच्या विश्वचषक मालिकेतील सामने झाले. विश्वचषकाच्या मोसमात परदेशी मार्गरचनाकार एका खंडातून दुसऱ्या खंडात जात असतात. आपल्याकडील मंडळी रेल्वेने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातात, इतकेच.

आता सुट्ट्यांचे गणित पाहावे. कुमार गटाच्या स्पर्धा मुलांच्या शाळा बंद असताना घ्याव्यात हे रास्तच आहे. म्हणजे दिवाळीच्या आगेमागे आणि एप्रिल-मे महिन्यांत. ज्या दिवसांत सगळी घरे भरलेली असतात, नेमक्या त्याच दिवसांत मार्गरचनाकाराचे घर त्याच्यावाचून असते. माझी पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिला सुट्टी लागली की माझे काम सुरू, आणि माझे काम सरले की तिची शाळा सुरू. लग्नानंतरच्या पहिल्या सात वर्षांत लक्ष्मीपूजनाला मी दोनदा घरी होतो. आईने कधी बोलून दाखविले नाही. फराळाचा डबा मात्र ती पंधरा दिवस माझ्यासाठी झाकून ठेवीत असे.

रायगडावरील हिरकणीची आख्यायिका आपण सर्वांनी शाळेत वाचली आहे. दरवाजे बंद झाले, घरी तान्हे मूल, म्हणून ती माउली अंधारात कडा उतरून गेली. आमच्या चमूत कोणी घरच्या ओढीने अस्वस्थ झाला की इतर त्याला “हिरकणी लागली” म्हणून चिडवितात. थट्टेत कौतुक असते. परंतु तिच्यासारखे काम टाकून उतरून जाणे आम्हांला शक्य नसते. मार्ग पाहिलेला माणूस स्पर्धेच्या मध्यावर बाहेर पडणे गोपनीयतेच्या दृष्टीनेही बरे दिसत नाही.

एक चूक

एक प्रसंग येथे नमूद करणे मला कर्तव्य वाटते. मुलगी पाच वर्षांची होती. मी दुसऱ्या राज्यात एका कुमार स्पर्धेच्या कामावर होतो. उपांत्य फेरीच्या आदल्या रात्री घरून दूरध्वनी आला. पत्नी म्हणाली, “अहो, ताप उतरत नाही. दवाखान्यात नेऊन आणले आहे. तुम्ही काळजी करू नका, काम करा.” मी “बरं” म्हणालो आणि शिडीवर चढलो.

एका बोल्टवर बसविलेला होल्ड जोराने ओढल्यास फिरू शकतो. त्यासाठी बाजूने आणखी एक लहान स्क्रू मारण्याची रीत आहे. त्या रात्री मी बोल्ट आवळला आणि स्क्रू मारावयाचा विसरलो. दुसऱ्या दिवशी बाराव्या होल्डवर एका मुलाने भार दिला, होल्ड फिरला आणि मुलगा पडला. दोर असल्याने त्याला इजा झाली नाही. पंचांनी तांत्रिक दोष मान्य करून विश्रांतीनंतर त्याला पुन्हा संधी दिली. परंतु थकलेल्या हातांनी तो दुसऱ्या वेळी दहाव्या होल्डपर्यंतच पोचला आणि अंतिम फेरीत गेला नाही. त्याचे वडील मुलाची पाठ थोपटीत बसले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन चूक माझी असल्याचे सांगितले. ते म्हणाले, “होतं असं.” मुलाने माझ्याकडे पाहिले नाही.

माझ्या मुलीचा ताप त्याच दिवशी दुपारी उतरला होता. ते मला रात्री कळले. होल्ड फिरल्याचे पत्नीला मी महिन्याभराने सांगितले. ती काही वेळ गप्प राहिली व मग एवढेच म्हणाली की, यापुढे असे काही असेल तेव्हा मी आधी तुमच्या प्रमुखांशी बोलेन.

तिची ही सूचना मी चमूपुढे मांडली. तेव्हापासून आमच्यात दोन नियम पाळले जातात. ज्याने होल्ड बसविला त्याने तो तपासावयाचा नाही. दुसऱ्याने तपासून नकाशावर खूण करावयाची. आणि घरून काळजीची बातमी आलेल्याने त्या रात्री शिडीवर चढावयाचे नाही. त्याने खाली बसून होल्ड धुवावेत, बोल्ट मोजावेत. स्पर्धा भरविणारे अधिकारी व संस्थाचालक यांनी या दुसऱ्या नियमासाठी चमूत एक माणूस जादा ठेवला तर खर्च थोडा वाढतो, पण तो टाळण्यासारखा खर्च नाही. याच ओघात सांगावयाचे तर मानधन बहुधा दिवसाच्या हिशेबाने ठरते; ते घरी परतण्यापूर्वी हाती पडावे. प्रवासाचे तिकीट आरक्षित असावे, अपघात विमा उतरवावा, आणि रात्रपाळी करणाऱ्यास दिवसा झोपण्याकरिता दार लावता येईल अशी खोली मिळावी. प्रेक्षागृहाच्या मागे सतरंजीवर झोपून उठलेल्या माणसाने बसविलेल्या होल्डवर आपल्या गावची मुले चढणार आहेत, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

बाप आणि परीक्षक

मुलगी मोठी झाली आणि तीही भिंतीवर चढू लागली. ज्या स्पर्धेत स्वतःचे मूल किंवा शिष्य उतरणार असेल तेथे मार्गरचनेचे काम घेऊ नये, असे मी मानतो. यात शंकेला जागाच राहू नये. ती नववीत असताना विभागीय स्पर्धेत प्रथम उतरली, तेव्हा त्या स्पर्धेचे काम मी नाकारले. पुढील वर्षीही नाकारले. कुमार गटाची जवळची कामे सुटली, म्हणून उत्पन्न भरून काढण्यासाठी दूरच्या राज्यांतील प्रौढ गटाची कामे घ्यावी लागली. म्हणजे मुलीच्या खेळासाठी काम सोडले आणि त्यामुळेच तिच्यापासून अधिक दिवस दूर राहिलो. पत्नीने हा हिशेब दिनदर्शिकेवर लाल खुणा करून मला दाखविला. त्यावर्षी खुणा एकशे चौदा झाल्या.

घरी असलो तरी एक अडचण असते. आगामी स्पर्धेत कोणत्या धाटणीचे होल्ड वापरणार याविषयी जेवताना शब्दही काढता येत नाही, कारण तिच्या मैत्रिणी तेथे उतरणार असतात. “बाबा, या वेळी उड्या आहेत का?” असे ती मुद्दाम विचारते. मी आमटी वाढून घेतो.

यावर उपाय कोणता? मार्ग रचणारी माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत तयार झाली तर कोणाही एकाला इतके फिरावे लागणार नाही. त्यासाठी मोठी भिंतच हवी असे नाही. शाळेच्या एखाद्या मजबूत भिंतीला मुलांच्या डोक्याइतक्या उंचीपर्यंत होल्ड बसवून, खाली वाळूचा जाड थर टाकून आडवे चढण्याचा मार्ग करता येतो. मुले जमिनीपासून हातभरच वर राहून बाजूने सरकतात. भिंतीचे बांधकाम भार सोसेल की नाही हे मात्र अभियंत्याकडून आधी तपासून घ्यावे. क्रीडाशिक्षकाने दर महिन्यास होल्डांची जागा बदलावी आणि मोठ्या मुलांना लहान मुलांसाठी मार्ग रचावयास सांगावे. सातवीची मुलगी दुसरीच्या मुलाचा हात कोठवर पोचेल याचा विचार करू लागली की तिचे शिक्षण सुरू झाले. आपल्या उंचीने दुसऱ्याचा मार्ग मोजू नये, हा या कामाचा पहिला धडा आहे, आणि तो आमच्यातील पुष्कळांना चाळिशीत कळला.

स्त्रिया या क्षेत्रात अद्याप थोड्या आहेत. लांबच्या मुक्कामांचे कारण पुढे केले जाते. पण चमूत कमी उंचीची, लहान हातांची व्यक्ती असणे किती आवश्यक आहे हे पॅरिसने दाखविले आहे. तेव्हा मुक्काम आखूड करावेत, माणसे गाळू नयेत.

अंतिम फेरी संपल्यावर पदके दिली जातात, छायाचित्रे काढली जातात आणि प्रेक्षक पांगतात. मग आम्ही पुन्हा शिडी लावतो. मैदान किंवा प्रेक्षागृह सकाळी रिकामे करून द्यावयाचे असते. ज्या मार्गासाठी आठवडाभर डोके खाजविले तो तासाभरात खाली येतो. आरोहकांच्या हातांना लावलेली मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी भुकटी होल्डांवर थापलेली असते, ती घासून धुवावी लागते. बोल्ट लांबीनुसार निवडून डब्यांत भरतात. अशा एका कामाहून गेल्या डिसेंबरात परतताना गाडी पुण्यास पहाटे साडेपाचऐवजी सव्वासातला पोचली. घरी आलो तेव्हा दोघींची शाळा भरून गेली होती आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे होती. स्वयंपाकघरात डबा झाकलेला होता. दिनदर्शिकेवर त्या दिवसाच्या चौकटीत खूण केलेली नव्हती.